मुस्तफा खेळायचाय, कुठलं मशीन घेऊ?

मागच्या अंकात जुने व्हिडिओ गेम खेळायच्या हँडहेल्डबद्दल, म्हणजे हातात धरून खेळायच्या छोट्या मशीनबद्दल, मी चार ओळी काय लिहिल्या, वाचकांचे प्रश्न येतच राहिले. सगळ्यांना उत्तर देणं जागेमुळे शक्य नाही, म्हणून जे प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आलेत ते घेतोय.

प्रश्न : माझं वय ४१. शाळेत असताना नाशिकला एका पार्लरमध्ये रुपया टाकून मुस्तफा खेळायचो, आणि घरी टीव्हीला लावायचा गेम होता त्यावर भावासोबत कॉन्ट्रा. आता स्वतःसाठी एक हँडहेल्ड घ्यायचंय, बजेट ८ हजारांच्या आसपास. मियू मिनी प्लस, आरजी३५एक्सएक्स एच आणि ट्रिमयूआय स्मार्ट प्रो या तिघांत अडकलोय. एक दुकानदार म्हणतो १० हजार गेम भरलेलं घ्या. काय करू? – एक वाचक, नाशिक

उत्तर : दादा, तुमचं अर्धं काम तुम्हीच केलंय, कारण तुम्ही गेमचं नाव सांगितलंत. बहुतेक लोक आधी मशीन बघतात, मग त्यात काय खेळायचं ते शोधतात आणि महिन्याभरात ते कपाटात जातं. तुमचे गेम दोन, मुस्तफा आणि कॉन्ट्रा, तर मशीन या दोघांच्या मापानं निवडू.

मुस्तफा म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स'. आपल्याकडे ते नाव कुणी घेतलंच नाही, पिवळी टोपीवाला मुस्तफा आणि त्याची धावत येऊन मारलेली किक हीच गेमची ओळख झाली. कॉन्ट्रा तुम्ही खेळलात तो १९८८ चा, फॅमिकॉम या निन्टेंडोच्या जपानी टीव्ही गेमवरचा, आपल्या घरातली ती मशीन त्याच फॅमिकॉमची नक्कल होती. हे दोन्ही गेम चालवायला आजची स्वस्तातली चिपसुद्धा भरपूर आहे. मियू मिनी प्लसमधली चिप या तिघांत सगळ्यात कमजोर, मेमरी फक्त १२८ एमबी, तरी ती पहिल्या प्लेस्टेशनपर्यंतचे गेम व्यवस्थित खेचते. त्यामुळे "प्रोसेसर कुठला" हा प्रश्न तुमच्यापुरता संपला, तिथे पैसे घालू नका.

आता स्क्रीन, कारण खरी निवड इथे होते. पार्लरमधला डबा काय आणि घरातला जुना टीव्ही काय, दोघांचा आकार ४:३, म्हणजे जवळजवळ चौकोनी. मियू आणि आरजी३५एक्सएक्स एच दोघांची स्क्रीन साडेतीन इंची, ६४० बाय ४८०, म्हणजे नेमकी ४:३, तुमचे दोन्ही गेम कडेपासून कडेपर्यंत भरतात. ट्रिमयूआय स्मार्ट प्रोची स्क्रीन जवळपास ५ इंच, पण ती मोबाईलसारखी लांबट १६:९. तिच्यावर मुस्तफा लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात आणि मधलं चित्र साधारण ४ इंचाचं उरतं. तसं बघितलं तर साडेतीनपेक्षा ते मोठंच आहे, चाळिशीनंतर डोळ्यांना त्याचा फरक पडतो हे मी मान्य करतो, पण मग ४ इंची ४:३ स्क्रीनचं आरजी४०एक्सएक्स एच घेतलं तर तेवढंच चित्र मिळतं आणि पट्ट्या नाहीत. एक कळकळीची विनंती, पट्ट्या दिसतात म्हणून सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणू नका, मुस्तफा जाडा दिसायला लागतो आणि तुमच्या डोक्यातला गेम आणि समोरचा गेम जुळतच नाही, मग लोक म्हणतात लहानपणी वाटायचा तेवढा भारी नव्हता.

बटणांचं बघा. मुस्तफाला मार आणि उडी एवढीच बटणं लागतात, दोन्ही एकदम दाबली की स्पेशल, त्याबदल्यात आपलीच एनर्जी थोडी जाते. कॉन्ट्रालाही दोनच. म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या स्टिकची गरज नाही, पण डी-पॅड, ते अधिकच्या चिन्हाचं बटण, ते चांगलं पाहिजे. कॉन्ट्रात पळता पळता तिरकी गोळी मारावी लागते, डी-पॅड ढिसाळ असेल तर तुम्ही सरळ दाबता आणि माणूस तिरका मारतो, तिथेच जीव जातो. शक्य असेल तर घेण्याआधी कुणाचं तरी हातात घेऊन कॉन्ट्राची पहिली लेव्हल खेळून बघा, दहा रिव्ह्यू बघण्यापेक्षा तेवढ्यात जास्त कळेल.

तुमच्यासाठी माझं मत आरजी३५एक्सएक्स एच, आणि त्याचं खरं कारण तुमच्या प्रश्नातच आहे : "भावासोबत". या मशीनला मिनी एचडीएमआय आहे, केबल लावून टीव्हीवर जोडता येतं आणि वर ब्लूटूथचे कंट्रोलर चालतात. मियूला टीव्हीची सोयच नाही. मुस्तफा मुळात तिघांनी एकदम खेळायचा गेम, आणि कॉन्ट्रा एकट्यानं खेळण्यात मजा अर्धीच. दिवाळीत भाऊ आला की टीव्हीला लावा, आणि कॉन्ट्रात तीन जीव पुरले नाहीत तर सुरुवातीच्या स्क्रीनवर वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए स्टार्ट, तीस जीव, बोटांना अजून आठवत असेल.

मुस्तफात नाणं टाकायला सिलेक्टचं बटण असतं, मग स्टार्ट. हे कुणी सांगत नाही आणि नवा माणूस "इन्सर्ट कॉइन"वर अडकून बसतो. नाणी कितीही टाकता येतात, पण मी स्वतः तीनच टाकतो. तीन रुपयांत किती पुढे जातो ते बघायचं, संपले की बंद. अमर्याद नाण्यांनी गेम पाऊण-एक तासात संपतो आणि परत लावावासा वाटत नाही, तीन नाण्यांत तो अजूनही तसाच छळतो जसा तेव्हा छळायचा.

पार्लरच्या गेमची फाइल ही झिप असते, मुस्तफाच्या फाइलचं नाव "डिनो". ती झिप उघडायची नाही, नाव बदलून "मुस्तफा" करायचं नाही. मूळ बोर्डावर जेवढ्या चिप होत्या त्यांच्या वेगवेगळ्या फायली त्या झिपमध्ये असतात आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनसारखं वागणारा प्रोग्रॅम, नावावरूनच ओळखतो हा गेम कुठला. फाइल एका आवृत्तीची आणि एम्युलेटर दुसऱ्या आवृत्तीचा असला तरी गेम उघडत नाही, तेव्हा मशीन खराब आहे असं समजून दुकानात धावू नका.

आणि ते १० हजार गेम. त्यात एकच मारिओ वीस वेळा असतो, जपानी आवृत्ती, युरोपची आवृत्ती, कुणीतरी रंग बदललेली आवृत्ती. वर सोबत येणारं मेमरी कार्ड बऱ्याचदा अगदी हलकं असतं. माझ्या पहिल्या मशीनसोबत आलेलं कार्ड दोन महिन्यांत गेलं आणि त्यासोबत अर्धवट सोडलेले सगळे गेम गेले, फार वाईट वाटलं होतं. मशीन आलं की पहिल्याच दिवशी कार्डातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि चांगल्या कंपनीचं ३२ किंवा ६४ जीबीचं कार्ड विकत घेऊन त्यात टाका, तुमच्या गेमना तेवढी जागा सुद्धा खूप झाली. सगळा सुपर मारिओ ४० केबीत मावतो, आज व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याहून मोठा असतो.

चार्जिंगबद्दल एक सांगायचं राहिलं. या स्वस्त मशीनपैकी कित्येक दोन्हीकडे टाइप सी असलेल्या केबलनं आणि फास्ट चार्जरनं चार्जच होत नाहीत. एका बाजूला जुनी चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर वापरा.

प्रश्न : मुलगा ९ वर्षांचा आहे, मोबाईलवरच्या गेममध्ये सतत जाहिराती येतात आणि काहीतरी विकत घ्या म्हणतात. माझा भाऊ म्हणतो त्यापेक्षा जुन्या गेमचं छोटं मशीन दे. त्यानं फरक पडेल का? आणि कुठलं? – एक आई, इचलकरंजी

उत्तर : ताई, भाऊ बरोबर सांगतोय. जुन्या गेममध्ये जाहिरात नाही, "उद्या परत ये मग बक्षीस देतो" नाही, पैसे मागणारा खजिना नाही. तो गेम एकदा विकून कंपनी मोकळी झालेली होती, त्यामुळे मुलाला अडकवून ठेवायचं तिला काही कारणच नव्हतं. गेम अवघड असतो, मुलगा हरतो, वैतागतो आणि आपणच उठून बाहेर जातो. माझ्या भाच्यासोबत मी हे बघितलंय.

तुमच्यासाठी मियू मिनी प्लस. हातात मावतं, उभं धरायचं असतं, लहान बोटांना नीट बसतं. त्यावर ऑनियन नावाची सिस्टिम फुकट टाकता येते, भावाला सांगा, एका संध्याकाळचं काम आहे. तिचे दोन फायदे तुम्हाला रोज दिसतील. एक म्हणजे बटण दाबून बंद केलं की गेम जिथे आहे तिथेच सेव्ह होतो आणि परत चालू केला की तिथूनच सुरू, त्यामुळे जेवायला हाक मारल्यावर "आई थांब, सेव्ह करतो" हे भांडणच राहत नाही. दुसरं, कुठला गेम किती वेळ खेळला याची नोंद त्यात आपोआप होते, ती तुम्ही बघू शकता.

मात्र भरलेलं कार्ड तसंच मुलाच्या हातात देऊ नका. त्या हजारो गेममध्ये कुणी कुणी बनवलेले काय काय प्रकार असतात, त्यातले काही मुलांनी बघण्यासारखे नसतात. तुम्ही आणि भाऊ बसून दहा गेम निवडा, बाकी काढून टाका. दहाच असले की तो एकेक गेम पूर्ण शिकतो, दहा हजार असले की दोन मिनिटं हा, दोन मिनिटं तो. टेट्रिस त्यात नक्की ठेवा आणि तुम्हीही खेळा, माझ्या घरात त्याचा सगळ्यात मोठा स्कोअर माझ्या आईचा आहे.

आणखी थोडा मोठा झाला आणि त्याला गोडी लागली तर जीबी स्टुडिओ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, कोड न लिहिता त्यात गेम बॉयचा, म्हणजे निन्टेंडोच्या जुन्या हँडहेल्डचा, गेम बनवता येतो आणि तो ह्याच मशीनवर चालतो. आपण काढलेलं चित्र आपल्या हातातल्या मशीनवर चालायला लागतं तेव्हा मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

प्रश्न : गड्ड्याच्या जत्रेत "४०० इन १" लिहिलेलं छोटं मशीन घेतलं, गेम बॉयसारखं दिसतं. त्यात मेमरी कार्ड कुठे टाकायचं सापडत नाही. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सापडणार नाही, कारण जागाच नाही. त्याच्या आत सगळा जुना फॅमिकॉम एका काळ्या थेंबाखालच्या चिपमध्ये बसवलेला असतो आणि गेमही कायमचे तिथेच. दिसायला गेम बॉय, आतून आपली टीव्ही गेमची नक्कल. नवीन गेम नाही, सेव्ह नाही. तरी टाकून देऊ नका, मागचं झाकण उघडा, बहुतेक त्यात बीएल-५सी बॅटरी निघेल, जुन्या नोकिया ११०० ची तीच, अजून मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. बॅटरी फुगली असेल तर मात्र लगेच काढा. सोबत पिवळी-पांढरी पिन असलेली केबल मिळाली असेल तर ते टीव्हीलाही लागतं.

प्रश्न : हे गेम नेटवरून घेणं कायदेशीर आहे का? तुम्ही कधीच स्पष्ट लिहीत नाही. – पुणे, ठाणे, बेळगाव इथून आलेली पत्रं

उत्तर : स्पष्ट लिहितो. एम्युलेटर बनवणं-वापरणं हा गुन्हा नाही. प्लेस्टेशनच्या एम्युलेटरवरून सोनी आणि तो एम्युलेटर बनवणारी कनेक्टिक्स यांच्यात अमेरिकेत खटला झाला होता, २००० साली अपील कोर्टाचा निकाल कनेक्टिक्सच्या बाजूनं लागला. ॲपलनंही एप्रिल २०२४ पासून आपल्या स्टोअरमध्ये जुन्या गेमच्या एम्युलेटरना परवानगी दिली आहे. पण गेमची फाइल, जिला रॉम म्हणतात, आणि प्लेस्टेशनसारख्या मशीनची बायोस फाइल, म्हणजे मशीन चालू करणारा तिच्या आतला मूळ प्रोग्रॅम, यांवर कॉपीराइट आहे. गेम जुना झाला, दुकानात मिळत नाही, म्हणून तो संपत नाही. भरलेलं कार्ड विकणारा दुकानदार ते हक्क घेऊन विकत नसतो.

मला स्वतःला हे टोचतं, कारण ज्यांनी हे गेम बनवले त्यांच्यावर माझं प्रेम आहे. म्हणून जिथे विकत मिळतं तिथे मी विकत घेतो, कॅपकॉम आणि कॉन्ट्रावाली कोनामी दोघांनीही जुन्या गेमचे संच नव्या मशीनसाठी काढलेत. आणि आजही लोक जुन्या मशीनसाठी नवे गेम बनवतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०१९ चा 'मायक्रो मेजेस' फॅमिकॉमच्या मशीनसाठी बनवलेला, चौघांनी खेळायचा, ४० केबीतच बसवलेला, पैसे देऊन रॉम मिळतो आणि तुमच्या हँडहेल्डवर चालतो. गेम बॉयसाठी 'टोबू टोबू गर्ल' आहे, तो तर फुकटच. यांनी सुरुवात करा, मन स्वच्छ राहतं आणि गेमही खरोखर चांगले आहेत.

प्रश्न : मी लहानपणी वापरलेला गेम बॉय कलर आईनं जपून ठेवला होता, यावेळी भारतातून घेऊन आलो. पोकेमॉन सिल्व्हर चालू होतो पण माझा सेव्ह गेलाय, नवीन केलेलाही राहत नाही. हा दुरुस्त करू की नवीन हँडहेल्ड घेऊ? – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : आधी दुरुस्त करा, नवीन कधीही घेता येईल. त्या कॅसेटमध्ये सीआर२०२५ ची गोल बटण बॅटरी असते, सेव्ह आणि आतलं घड्याळ दोन्ही तिच्यावर चालतं. पंचवीस वर्षं झाली, ती संपली. तुमचा जुना सेव्ह परत येणार नाही, याचं मलाही वाईट वाटतंय, पण बॅटरी बदलली की नवा सेव्ह राहील. कॅसेट उघडायला ३.८ मिमीचा गेमबिट नावाचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. बॅटरी टाके घालून बसवलेली असते, म्हणून पत्र्याची पट्टी आधीच जोडलेली बॅटरी घ्या आणि सोल्डर करून घ्या. नुसती चिकटपट्टी लावून बसवू नका, कॅसेट हलली की सेव्ह गेला.

घरात अजून कॅसेट असतील आणि त्यांचे सेव्ह जिवंत असतील तर त्या उघडण्याआधी सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. त्यासाठी जीबी ऑपरेटर किंवा जीबीएक्सकार्ट नावाची छोटी उपकरणं मिळतात, कॅसेट त्यात खोचायची आणि यूएसबीनं जोडायची. स्वतःच्या कॅसेटवरून स्वतःचा रॉमही त्यातूनच निघतो.

गेम बॉय कलरच्या स्क्रीनमागे दिवा नाही हे तुम्ही विसरला असाल, आपण तेव्हा खिडकीशी किंवा ट्यूबलाइटखाली वाकडे बसून खेळायचो. मागे दिवा असलेल्या नव्या आयपीएस स्क्रीनचं किट बसवून घेता येतं. एवढं करून तुम्हाला कॅसेट लावूनच पण झगझगीत स्क्रीनवर खेळायचं असेल तर ॲनालॉग पॉकेट बघा. त्याची स्क्रीन १६०० बाय १४४०, मूळ गेम बॉयची १६० बाय १४४, म्हणजे प्रत्येक ठिपका बरोब्बर दहापट होतो, आणि तुमची कॅसेट थेट लागते. महाग आहे, पण तुमच्याकडे कॅसेट आहेत म्हणून सुचवतोय, ज्याच्याकडे एकही नाही त्याला मी ते कधीच सुचवणार नाही.

प्रश्न : कॉलेजला आहे, पैसे नाहीत. फोनवर गेम बॉय ॲडव्हान्सचे गेम खेळतो पण स्क्रीनवरच्या बटणांनी नीट जमत नाही. सगळ्यात स्वस्त हँडहेल्ड सांगा. – एक वाचक, फोंडा

उत्तर : मित्रा, हँडहेल्ड आत्ता घेऊच नको. तुझा फोन या सगळ्या मशीनपेक्षा ताकदवान आहे, कमी आहे ती फक्त बटणांची. फोनला दोन्ही बाजूंनी पकडणारा कंट्रोलर घे, टाइप सीमध्ये खोचला जाणारा. ब्लूटूथचा नको, बटण दाबणं आणि उडी बसणं यात किंचित उशीर होतो, आणि ब्लूटूथचे इअरफोनही नकोत, त्यात आवाज तर चांगलाच मागे पडतो. ॲप लेमुरॉइड वापर, फुकट आहे, जाहिराती नाहीत.

पुढे कधी पैसे साठले आणि तेव्हाही गेम बॉय ॲडव्हान्सचंच वेड असलं तर आरजी३४एक्सएक्स लक्षात ठेव. ॲडव्हान्सची मूळ स्क्रीन २४० बाय १६०, याची ७२० बाय ४८०, नेमकी तिप्पट, पट्टी नाही की धूसरपणा नाही.

प्रश्न : माळ्यावर जुना टीव्ही गेम सापडला, बंदुकीसकट. बदकांचा गेम नव्या एलईडी टीव्हीवर लागतो, पण एकही बदक मरत नाही. बंदूक बिघडलीय का? एखाद्या हँडहेल्डवर हा गेम येतो का? – एक वाचक, कराड

उत्तर : बंदूक बहुधा ठीक आहे. तिच्यातून काहीच बाहेर जात नाही, उलट ती बघते. तुम्ही घोडा दाबला की गेम क्षणभर सगळी स्क्रीन काळी करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवतो, बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड दिसला की बदक पडतं. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगाशी बांधलेलं आहे. नवा टीव्ही चित्र दाखवायला थोडा वेळ घेतो आणि त्याचा उजेडही वेगळ्या पद्धतीनं येतो, तोवर बंदुकीचा बघायचा क्षण निघून गेलेला असतो. हँडहेल्डवर गेम उघडेल, पण बंदूक नाही तर त्यात काय उरलं.

शेजारीपाजारी, गावाकडच्या घरी, भंगारवाल्याकडे विचारा, पाठीला मोठं पोट असलेला टीव्ही अजून कुठेतरी चालू असतो. पिवळी पिन लावा, खोलीतले दिवे घालवा आणि स्क्रीनपासून सात-आठ फुटांवर बसा. बदक पडलं तर मला नक्की कळवा.